सिंगापूर ते ऐरोली: भारतीय क्लाउडचा मागोवा

२०१३ च्या सुरुवातीला गार्टनर या संशोधन संस्थेने भारतातल्या सार्वजनिक क्लाउड सेवांची बाजारपेठ त्या वर्षी ४४.३ कोटी डॉलरची होईल, असा अंदाज दिला होता. आधीच्या वर्षीचा आकडा होता ३२.६ कोटी. दहा वर्षांनंतर, म्हणजे २०२३ साठी, आयडीसी या दुसऱ्या संस्थेने हीच बाजारपेठ ८३० कोटी डॉलरची मोजली आणि २०२८ पर्यंत ती २,४२० कोटींवर जाईल असं म्हटलं. दोन्ही संस्थांची मापं वेगळी आहेत, त्यामुळे आकड्याला आकडा भिडवू नये. पण वाढीचा आवाका कळायला एवढं पुरे.

ही वाढ आपोआप झाली नाही. क्रिकेटचे सामने, लसीकरणाची नोंदणी आणि रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक यांनी तिला रेटा दिला. या काळात दोन प्रश्न सतत समोर होते. भारतीयांची माहिती भारतात राहते का, हा पहिला; आणि ती ज्या यंत्रांवर राहते त्यांची सूत्रं कोणाच्या हातात आहेत, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरंचसं मिळालं आहे.

काचेच्या खोलीतले दिवस

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मध्यम आकाराच्या कुठल्याही कंपनीत एक काचेची खोली असे. आत सर्व्हरचा एखादा रॅक, अहोरात्र चालणारा एसी, खाली यूपीएसच्या बॅटऱ्या आणि दारावर ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी. नवा सर्व्हर हवा असेल तर कोटेशन मागवा, मंजुरी घ्या, ऑर्डर द्या आणि माल येईपर्यंत थांबा. यात कित्येक आठवडे जात. दिवाळीच्या गर्दीला पुरेल एवढी यंत्रं घ्यावीत तर उरलेलं वर्षभर ती रिकामी बसत, आणि कमी घ्यावीत तर नेमक्या हंगामात वेबसाइट झोपे. लग्नात हजार पानं उठणार म्हणून कोणी घरात हजार ताटं विकत घेऊन ठेवत नाही, मांडववाल्याकडून भाड्याने आणतो. संगणकाच्या बाबतीत मात्र बरीच वर्षं सगळे ताटंच विकत घेत होते.

अमेझॉनने २००६ मध्ये साठवणूक आणि संगणनशक्ती वापराच्या हिशेबाने भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा हा व्यवहार बदलला. भारतीय ग्राहकाला जवळचा पर्याय मिळाला तो एप्रिल २०१० मध्ये, सिंगापूरला. तेव्हापासून अनेक भारतीय स्टार्टअपचे सर्व्हर सिंगापूरला असत आणि बिल डॉलरमध्ये क्रेडिट कार्डावर पडे. मुंबईहून निघालेली विनंती समुद्राखालच्या केबलमधून तिकडे जाऊन परत यायला सेकंदाचे पाच-सहा शतांश लागतात. एका फेरीला हे काहीच नाही, पण एक पान उघडायला अशा डझनावारी फेऱ्या होतात, आणि तेव्हाच्या मोबाइल नेटवर्कवर ते चांगलंच जाणवे.

देशात काहीच नव्हतं असंही नाही. मुंबईत १९९८ मध्ये सुरू झालेल्या नेटमॅजिकने आणि वाशीत २००० मध्ये डेटा सेंटर उभारणाऱ्या सिफीने ‘दुसऱ्याच्या जागेत आपलं यंत्र’ ही सवय भारतीय कंपन्यांना लावली होती. नेटमॅजिकमधला मोठा हिस्सा २०१२ मध्ये जपानच्या एनटीटी समूहाने घेतला. तिकडे पुण्यात २००८ मध्ये जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोथंडरामन यांनी सुरू केलेली द्रुवा ही कंपनी बॅकअपची सेवा अमेझॉनच्या क्लाउडवर चढवून जगभर विकू लागली. दोन वर्षांनी चेन्नईत ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर विकणारी फ्रेशडेस्क उभी राहिली. यंत्रं परदेशी, बुद्धी इथली आणि ग्राहक जगभरचा, असा हा धंदा होता.

सव्वादोन वर्षांत तिघे

मग तीन मोठ्या अमेरिकी कंपन्या पाठोपाठ आल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नई इथून अ‍ॅझ्युअर सेवा सुरू केली. जून २०१६ मध्ये अमेझॉनचं मुंबई केंद्र सुरू झालं. तोवर भारतात आपले ७५ हजारांहून अधिक सक्रिय ग्राहक आहेत, असं कंपनीने तेव्हा सांगितलं, म्हणजे हे सगळे जण परदेशातल्या यंत्रांवर काम चालवत होते. नोव्हेंबर २०१७ पर्यंत गूगलही मुंबईत दाखल झालं.

वेळही नेमकी साधली गेली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि मोबाइल डेटाचे दर कोसळले. दोन महिन्यांनी नोटाबंदी आली आणि डिजिटल व्यवहार ही अनेकांची निकड बनली. पाठोपाठ २०१७ मध्ये जीएसटीची ऑनलाइन विवरणपत्रं आली. कोट्यवधी नवे लोक इंटरनेटवर येत होते आणि त्यांचा भार पेलायला जागा हवी होती.

सरकारची पावलं त्याआधीच पडली होती. ‘मेघराज’ या नावाखाली राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राचा क्लाउड फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. पुढे केंद्र सरकारने खासगी क्लाउड कंपन्यांची तपासणी करून मान्यताप्राप्त यादी बनवली. सरकारी माहिती देशाच्या हद्दीतच ठेवायची, ही त्यातली मुख्य अट. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य होतं.

धोनी बाद झाला तेव्हा

क्लाउड म्हणजे काय ते एका संध्याकाळी फार स्पष्ट दिसलं. १० जुलै २०१९, मँचेस्टर. पावसामुळे राखीव दिवशी गेलेला विश्वचषकाचा उपांत्य सामना. न्यूझीलंडच्या २३९ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ३ बाद ५. मग जडेजाने ५९ चेंडूंत ७७ धावा फटकावल्या, धोनी दुसऱ्या टोकाला उभा, आणि हॉटस्टार या व्हिडिओ ॲपवर प्रेक्षकांची संख्या मिनिटाला लाखांनी चढत २ कोटी ५३ लाखांवर गेली. तोवर जगात कुठल्याही थेट प्रक्षेपणाला एकाच वेळी एवढे ऑनलाइन प्रेक्षक मिळाले नव्हते.

गप्टिलच्या फेकीवर धोनी धावबाद झाला आणि काही क्षणांत आलेख कोसळला.

हॉटस्टारच्या अभियंत्यांनी पुढे जाहीर व्याख्यानांत सांगितलं की चढापेक्षा हा उतार जास्त धोक्याचा असतो. सामना बघणारा माणूस फक्त व्हिडिओ मागत असतो. तो हिरमुसून मागे जाण्याचं बटण दाबतो तेव्हा ॲपचं मुखपृष्ठ उघडतं, आणि मुखपृष्ठ प्रत्येकाला त्याच्या आवडीनुसार वेगळं बनवून द्यावं लागतं. कोट्यवधी लोकांनी हे एकदम केलं तर प्रेक्षक गेल्यानंतर यंत्रणा पडते. शिवाय नवा सर्व्हर चालू होऊन कामाला लागायला मिनिटभर तरी जातं, आणि तेवढ्यात लाखो लोक येऊन धडकलेले असतात. म्हणून आपोआप वाढणाऱ्या क्षमतेवर न विसंबता त्यांनी पायरी-पायरीने आधीच यंत्रं भाड्याने घेऊन ठेवली होती, आणि सामन्यांपूर्वी खोट्या गर्दीचा मारा करून रंगीत तालमीही केल्या होत्या. चार तासांसाठी हजारो सर्व्हर घ्यायचे आणि सामना संपताच परत करायचे, हे स्वतःच्या यंत्रांवर कोणालाच परवडलं नसतं.

दोन वर्षांनी अशीच गर्दी आली ती जिवाच्या भीतीने. २८ एप्रिल २०२१ ला अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविन हे कोविड लसीकरणाच्या नोंदणीचं संकेतस्थळ खुलं झालं आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. सुरुवातीला ओटीपी अडकले, पानं उघडेनात, लोक वैतागले. पण क्लाउडवर उभी असलेली ती यंत्रणा सावरली आणि पुढे त्याच कोविनवर १७ सप्टेंबर २०२१ या एका दिवसात अडीच कोटींच्या आसपास लसमात्रा नोंदल्या गेल्या.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर

या सगळ्या यंत्रांना जमीन लागते. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई महानगर परिसरात आहे, आणि तिचा मोठा भाग ऐरोली, रबाळे, महापे, घणसोली या पट्ट्यात. कारणं साधी आहेत. समुद्राखालच्या आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. बँकांची मुख्यालयं आणि शेअर बाजार जवळ आहेत. आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एमआयडीसीची जमीन व वीज होती. जिथे रसायनांचे कारखाने होते तिथे आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती आहेत. पनवेलला हिरानंदानी समूहाच्या योट्टाने जुलै २०२० मध्ये ७,२०० रॅकची इमारत सुरू केली.

या इमारतींची कसोटी १२ ऑक्टोबर २०२० ला लागली. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. डेटा सेंटरमध्ये मात्र अशा क्षणासाठीच सगळी मांडणी असते. वीज जाताच बॅटऱ्या भार उचलतात, तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू होतात, आणि टाक्यांमध्ये पुढच्या कित्येक तासांचं इंधन असतं. त्या दिवशी शेअर बाजाराचे व्यवहार नेहमीप्रमाणे चालू राहिले. या खात्रीची किंमत विजेत आणि डिझेलमध्ये मोजावी लागते. केंद्राच्या २०२२ च्या अर्थसंकल्पाने डेटा सेंटरना पायाभूत सुविधेचा दर्जा दिला. तेव्हा त्यांच्या वीज-पाण्याचा हिशेबही रस्ते-धरणांइतकाच उघडपणे लोकांपुढे यायला हवा.

मोठ्या नावांच्या सावलीत नाशिकची गोष्ट झाकली जाऊ नये. पीयूष सोमाणी यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ईएसडीएसने सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत डेटा सेंटर उभारलं आणि सहकारी बँकांना ग्राहक केलं. चार-पाच शाखांच्या नागरी बँकेला कोअर बँकिंग तर हवंच, पण त्यासाठी स्वतःचं डेटा सेंटर आणि दूरच्या गावी पर्यायी केंद्र चालवणं तिच्या आवाक्याबाहेरचं. भाड्याच्या क्लाउडमुळे अशा बँकांना मोठ्या बँकांच्या तोडीची सेवा देता आली.

यातला धोका जुलै २०२४ च्या अखेरीस दिसला. छोट्या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि राष्ट्रीय देयक महामंडळाने तिची यंत्रणा तात्पुरती तोडली. सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या खातेदारांचं यूपीआय थांबलं. एका छताखाली सगळे आले की खर्च वाटला जातो, आणि संकटही.

चौदा दिवसांच्या अंतराने

२३ मार्च २०१८ ला अमेरिकेत ‘क्लाउड अ‍ॅक्ट’ लागू झाला. अमेरिकी कंपनीच्या ताब्यातली माहिती जगात कुठेही साठवलेली असली, तरी कायदेशीर आदेश आल्यास ती सादर करावी लागेल, हा त्याचा गाभा. त्यानंतर चौदा दिवसांनी, ६ एप्रिल २०१८ ला, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं: देयक व्यवहारांची सगळी माहिती फक्त भारतातच साठवायची, मुदत सहा महिने. परदेशी कार्ड कंपन्यांनी विरोध केला, पण बँक हलली नाही. २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक जोडायला बंदी झाली. ती जून २०२२ मध्ये, पूर्तता झाल्यावर उठली. देशातल्या क्लाउडची मागणी या परिपत्रकाने पक्की केली.

हे दोन नियम शेजारी ठेवले की या पंधरा वर्षांतली उणीव दिसते. एक नियम सर्व्हर कुठे आहे ते विचारतो, दुसरा तो कोणाचा आहे ते. भारताने पहिल्याची तजवीज केली. दुसऱ्याचं गांभीर्य जुलै २०२५ मध्ये कळलं. गुजरातेत वाडीनारला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर, तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टची भागीदारी असल्याने, युरोपीय संघाने निर्बंध घातले. भारताच्या कायद्याने या कंपनीवर कोणतीही बंदी नव्हती. तरीही मायक्रोसॉफ्टने तिची ईमेलसारखी सेवा थांबवली. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांत ती पूर्ववत झाली, पण देशाला इंधन पुरवणाऱ्या कारखान्याचा पत्रव्यवहार बाहेरच्या निर्णयाने बंद पडू शकतो हे सिद्ध झालं. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याचं जाहीर झालं.

आता पुढची फेरी कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमसाठी पाच वर्षांत १,५०० कोटी डॉलर, तर मायक्रोसॉफ्टने डिसेंबरमध्ये भारतासाठी १,७५० कोटी डॉलर जाहीर केले. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय मोहिमेतून सरकारने हजारो जीपीयू चिप सवलतीच्या दरात संशोधक आणि स्टार्टअपना खुल्या केल्या आहेत; त्या पुरवणाऱ्यांत योट्टा, ई-टू-ई नेटवर्क्स, टाटा कम्युनिकेशन्स अशा भारतीय कंपन्या आहेत, ही जमेची बाजू. पण त्या चिप प्रामुख्याने अमेरिकी आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने भारतासह अनेक देशांना किती चिप मिळतील यावर मर्यादा आणणारा नियम काढला होता. मे महिन्यात तो मागे घेतला गेला.

सगळं देशीच हवं असा हट्ट परवडणारा नाही, आणि त्याची गरजही नाही. गरज आहे ती करार नीट वाचण्याची. माहितीवरच्या कुलपाची किल्ली ग्राहकाकडे राहील का, सेवा तोडण्यापूर्वी भारतीय न्यायालयात दाद मागायला किती दिवस मिळतील, आणि एका कंपनीकडून दुसरीकडे जायची वेळ आली तर त्याची तालीम कधी केली होती, हे प्रश्न निविदेत आजही क्वचित विचारले जातात. वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली आहे. मे २०२७ पर्यंत प्रत्येक बँक, रुग्णालय आणि सरकारी खात्याला आपल्या क्लाउड करारांची फाइल नाहीतरी उघडावी लागणारच आहे.