कागद नंतर, औषध आधी

निर्वासित म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूर देशातले तंबू येतात. परंतु आपल्या ठाणे जिल्ह्यात एक अख्खे शहर निर्वासितांनीच वसवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. तिथले लोक आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प’चा नंबर सांगतात.

अशा दाटीच्या वस्तीत सर्वात आधी लागते ते स्वच्छ पाणी, शौचालय, लसीकरण आणि जवळचा दवाखाना. निर्वासितांवर केलेल्या उपचारांचा फायदा पुढे सर्वांनाच होतो, याचे उत्तम उदाहरण १९७१ चे आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली. बनगाव येथे शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रुग्णांना पाजण्यास सुरुवात केली. ते पाजण्याचे काम नातेवाइकांनीच केले. शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले. आपण आज घरात ठेवतो त्या जलसंजीवनीची मोठी कसोटी अशी छावणीत लागली.

आज मुंबईसारख्या महानगरात आश्रय शोधणाऱ्याची अडचण वेगळी असते. त्याच्यासाठी वेगळी छावणी नसते. तो एखाद्या चाळीत, भाड्याच्या खोलीत, प्रसंगी आपल्या तारोडी-उत्तनसारख्या कडेच्या गावातही राहील. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्तांचे कार्यालय दिल्लीला आहे. त्यामुळे इथे त्याचा पहिला आधार सरकारी वा महापालिकेचे रुग्णालय हाच. पण कागद नाहीत, कोणी पकडून देईल, या भीतीने तो तिथे जायचे टाळतो. खोकला अंगावर काढतो, गरोदर बाईची तपासणी राहून जाते, मुलांना गोवराची लस मिळत नाही. क्षयरोगाचे औषध मध्येच सुटले तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि असा क्षय त्याच हवेत श्वास घेणाऱ्या शेजाऱ्यालाही होऊ शकतो.

म्हणून काही गोष्टी सर्वांनीच लक्षात ठेवाव्यात.

१) अत्यवस्थ रुग्णावर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले. जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे, हे १९९६ च्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात स्पष्ट झाले.

२) दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासावी. क्षयाची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

३) मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. पैसे किंवा कागद नसतील तर त्यांना भेटावे.

४) दुभाषा म्हणून घरातल्या लहान मुलाला बसवू नये. आई आपले दुखणे त्याच्यासमोर बोलत नाही.

५) झोप न लागणे, छातीत धडधड, सतत पोट वा डोके दुखणे यामागे मनाला बसलेला धक्काही असू शकतो. शारीरिक तपासणी करावीच, सोबत विचारपूसही करावी. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

शेजारी असे कुटुंब राहायला आले असेल, तर ते कोठून आले याची चौकशी सावकाश होईल. मुलांच्या लसी झाल्या का, घरात कोणाला खोकला आहे का, एवढे आधी विचारावे आणि पहिल्या वेळी दवाखान्यापर्यंत त्यांच्यासोबत जावे. अनोळखी गावात एकट्याने केसपेपरच्या रांगेत उभे राहायला धीर लागतो.