ध्वनिवर्धकाचे पहिले बटण



कामगार संघटनेच्या माणसाने ध्वनिवर्धकावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण मी ही विद्या शाळेत नव्हे, एका फसलेल्या सभेत शिकलो.

रोह्याजवळ धाटावला एका कारखान्याच्या फाटकापुढे सभा होती. कराराच्या अटी सांगून मते घ्यायची होती. आधी पेणच्या पोरांचा पोवाडा. त्यांनी तुणतुण्याला दाब ओळखणारी चकती, म्हणजे पिकअप, चिकटवली होती. पहिल्याच कडव्याला कर्णा घुमू लागला. आवाज कमी केला की शब्द ऐकू येईनात, वाढवला की पुन्हा घुमणे. पाळी सुटली होती. माणसे थोडा वेळ थांबली नि घरी गेली. दुसऱ्या दिवशी अटींविषयी नाही नाही त्या अफवा! मतदानासाठी पुन्हा सभा घ्यावी लागली.

चूक कोठे झाली? या यंत्रांवर बहुधा एकाच भोकात माईकही बसतो आणि वाद्याची तारही. शेजारी ‘माईक की वाद्य’ असा खटका असतो. आमचा खटका माईकवर राहिला होता. चकतीचा विद्युत्संदेश फार नाजूक. माईकसाठी केलेल्या वाटेत त्यातला खर्ज गळून जातो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. तो भरून काढायला पोराने खर्जाचे बटण पुरते फिरवले, वर ‘गेन’ही चढवला. मग कर्ण्यातला खर्ज तुणतुण्याच्या कातड्यावर आदळून परत यंत्रात शिरू लागला. मूळ दोष खटक्याचा, आणि आम्ही शिव्या कर्ण्याला देत होतो!

‘गेन’ आणि ‘आवाज’ ही दोन बटणे निराळी, हे ज्याला कळले त्याचे निम्मे काम झाले. गेन दारावरचा: आलेला संदेश आत किती वाढवून घ्यायचा ते तो ठरवतो. तेथेच सूर फाटला तर पुढचे आवाजाचे बटण कमी करून तो सांधत नाही. फाटकाच सूर हळू ऐकू येतो, इतकेच. म्हणून आधी आवाज शून्यावर ठेवा. वादकाला ऐन रंगात वाजवतो तितक्या जोराने वाजवायला सांगा. तपासणीच्या वेळी सगळेच लाजत वाजवतात. तांबडा दिवा लुकलुकेपर्यंत गेन वाढवा, मग थोडा मागे घ्या. आवाज त्यानंतर.

खर्ज, मध्य, तार ही बटणे प्रथम मधोमध असावीत. उणे वाटेल ते वाढवण्याआधी जास्त वाटेल ते कमी करून पाहा. तरीही घुमले तर काही यंत्रांवर ‘फेज’चा खटका असतो, तो उलटून बघा; खर्जाचे घुमणे पुष्कळदा त्यानेच थांबते. ‘नॉच’ नावाचे बटण एकाच सुराची बारीक फाक कापते. तो सूर आम्ही हार्मोनियमवर शोधतो: पांढरी सहाशी जुळला तर सेकंदाला सुमारे 440 कंपने, त्याच्या खालच्या सप्तकात 220. बटण तेथे आणायचे.

माईकचे मात्र वेगळे. कंडेन्सर जातीच्या माईकला यंत्राकडून 48 व्होल्टचा दाब लागतो, साध्या डायनॅमिक माईकला लागत नाही. आणि अंतर! उघड्यावर तोंड माईकच्या निम्म्या अंतरावर आणले की माईकला मिळणारा दाब दुप्पट होतो. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासह 1944 साली लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या अमर शेखांचा गळा प्रत्येकाला कोठून मिळणार?

घुमारा देणारे ‘रिव्हर्ब’ पोवाड्याला एक वेळ चालेल. कराराच्या अटी वाचताना ते पूर्ण बंद.

आता आमची पोरे बटणांपुढे खडूच्या खुणा करतात. पण पेणच्या बंद सभागृहातल्या खुणा धाटावच्या उघड्या फाटकापुढे चालत नाहीत. तेथे सभेच्या अर्धा तास आधी पोचून त्या पुसतात आणि पहिल्या बटणापासून सुरुवात करतात.