टरफलं कुणी टाकली?

बालमित्रांनो, स्वारगेटहून अलका टॉकीजकडे जाणारा टिळक रोड तुम्हाला ठाऊक असेलच. त्या लोकमान्यांची शेंगांची गोष्टही तोंडपाठ असेल! शेंगा खाल्ल्याच नाहीत, तर टरफलं का उचलू, असं छोट्या बाळने गुरुजींना विचारलं म्हणतात. हाच बाळ पुढे स्वतः शिक्षक झाला. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू करणाऱ्यांत तो होता.

आजही कुठे कुठे एकाच्या खोडीपायी अख्खा वर्ग अंगठे धरून उभा राहतो. "सर, मी नव्हतो," म्हटलं की "उलट बोलतोस?" शिस्त हवीच हो! पण चूक कुणाची हे न विचारता केलेली शिक्षा म्हणजे शिस्त नव्हे, ती दांडगाई.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम सांगतं, शाळेत मुलांना मारायचं नाही, त्यांचा मानसिक छळही करायचा नाही. तसं करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते.

तेव्हा उद्धटपणा नको, पण गप्पही बसू नका. घरी सांगा. आणि आईबाबा, "तूच काहीतरी केलं असशील," असं म्हणण्याआधी सगळं ऐकून घ्या. मग मुख्याध्यापकांना भेटा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन आहे, तोही फुकट!