गच्चीवर अंधार, शेगडीवर चिकन

शनिवारची रात्र, डिसेंबरची गुलाबी थंडी, सोसायटीची गच्ची आणि कोळशाच्या शेगडीवर चरचरणारं चिकन. यात काय चुकू शकतं? मलाही हेच वाटलं होतं. मॅरिनेशनवर मी दोन दिवस डोकं खपवलं होतं. कोळसा कुठून आणायचा यावर हिंजवडीच्या ऑफिसात चहाच्या तीन ब्रेकचा चुराडा झाला होता. गाण्यांची प्लेलिस्ट तयार होती. विचार केला नव्हता तो फक्त उजेडाचा. आमच्या गच्चीवर एकच दिवा आहे, तोही पाण्याच्या टाकीमागे. म्हटलं, मोबाइलचा टॉर्च आहे की! आपल्या पिढीचे निम्मे प्रॉब्लेम याच वाक्यापासून सुरू होतात.

मोबाइलच्या टॉर्चची गंमत अशी, की तो धरायला एक हात लागतो. माझ्या एका हातात चिमटा, दुसऱ्यात बटर लावायचा ब्रश. मग 'ए, जरा इकडे धर ना' म्हणून कुणाला तरी उभं करायचं. तो दोन मिनिटं इमानदारीत धरतो, मग गप्पांत रमतो आणि उजेड चिकनवरून सरकत सरकत शेजारच्या बिल्डिंगच्या बाल्कनीत जातो. आमच्या ग्रुपमधल्या एका शाकाहारी मैत्रिणीच्या प्लेटमध्ये पनीरऐवजी चिकन जाता जाता राहिलं, ते केवळ तिनं वास घेतला म्हणून. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

त्याऐवजी मला ट्रेकची हेडटॉर्च आठवली. पळत खाली गेलो, सॅकमधून काढली, कपाळावर चढवली. दोन्ही हात मोकळे, बघाल तिकडे उजेड. फक्त कुणाशी बोलायला मान वळवली की समोरचा ओरडायचा, 'अरे, डोळ्यात नको मारूस!' मग मी हुशारी केली. हेडटॉर्चला लाल मोड असतो. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत पडला की ती क्षणात मोडते. मंद लाल उजेडात ती बऱ्यापैकी टिकते. राजगडावर रात्री पाण्याची बाटली शोधायला हा मोड म्हणजे वरदान. लावला लाल मोड.

काय झकास दिसत होती शेगडी! एक तंगडी सुरीनं कापून बघितली, आत पांढरंशुभ्र. झालं. पहिली प्लेट अर्थात वहिनींना. त्यांना सहावा महिना लागला होता आणि 'भाऊजी, तुमच्या हातचं बार्बेक्यू खायचंय' ही फर्माईश त्यांचीच. डोहाळेच म्हणा ना. सगळा घाट त्यासाठीच घातला होता.

थंडी वाजते म्हणून आई स्वतःची प्लेट घेऊन जिन्यात ट्यूबलाइटखाली जाऊन बसली. तिथून तिचा आवाज आला, 'अरे, हे कच्चं आहे!'

आम्ही सगळे जिन्यात धावलो. हाडाजवळचं मांस गुलाबी, ओलसर, चकाकणारं. वहिनींच्या प्लेटमध्ये तोवर दोन हाडं उरली होती.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो काहीच बोलला नाही. माझ्या कपाळावरच्या त्या लाल दिव्याकडे बघत त्यानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण ताप, उलट्या, जुलाब यातलं काहीही झालं तर थांबू नका, लगेच या. साल्मोनेलाची लक्षणं सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात, हेही त्यांनी सांगितलं. सहा दिवस! रोज सकाळी उठल्या उठल्या मी वहिनींना मेसेज करायचो आणि उत्तर येईपर्यंत ब्रश तोंडातच असायचा. वहिनींना काही झालं नाही. मला मात्र तिसऱ्या दिवशी पोटानं असा हिसका दाखवला, की दोन दिवस सिक लीव्ह टाकावी लागली. खरं सांगतो, मला त्याचं बरंच वाटलं.

घरी पडल्या पडल्या नेमकं काय झालं ते शोधत बसलो. उत्तर शाळेतल्या सायन्सचं निघालं. लाल उजेडात पांढऱ्या वस्तूवरून लाल परत येतो आणि गुलाबी वस्तूवरूनही लालच परत येतो. दोन्ही सारख्याच फिक्या दिसतात. म्हणजे चिकन कच्चं असल्याची जी एकमेव खूण डोळ्यांना दिसू शकते, तीच मी स्वतःच्या हातानं पुसली होती. दिवा असून आंधळा, तो हा असा.

बरं वाटल्यावर पहिल्या शनिवारी गाठली बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. पुण्यात इलेक्ट्रिकचं काहीही हवं असलं की इथेच यायचं. दुकानात रुबाबात विचारलं, 'जास्त सीआरआयचा दिवा आहे का?' दुकानदार काका शांतपणे म्हणाले, 'तो ब्रँड आपण ठेवत नाही.'

सीआरआय म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचे शंभरपैकी मार्क. साध्या एलईडीला साधारण ८० मिळतात. यात एक मेख आहे. हे मार्क म्हणजे आठ फिक्कट रंगांची सरासरी, आणि भडक लाल त्या आठांत धरतच नाहीत. त्याचे मार्क वेगळे मोजतात, त्याला आर-नाइन म्हणतात. म्हणजे लाल या विषयात सपशेल नापास झालेला दिवाही ८० टक्के मिळवून फर्स्ट क्लासमध्ये पास होऊ शकतो! मांस बघायला तर नेमका लालच लागतो. म्हणून खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेला दिवा घ्यायचा, आणि आर-नाइनचा आकडा दिला असेल तर तोही चांगला ५०च्या वर आहे ना, ते बघायचं.

काकांना ही भानगड सांगितल्यावर ते म्हणाले, 'मग फोटोवाले नेतात ते दाखवतो.' त्यांनी काउंटरवर चार दिवे लावून दिले आणि मी प्रत्येकाखाली माझा तळहात धरून बघितला. ही ट्रिक कुठल्याही दुकानात चालते. खराब दिव्याखाली हात आजारी, हिरवट-राखाडी दिसतो. चांगल्या दिव्याखाली बोटांच्या टोकांचा लालसरपणा ओळखू येतो. काका गालातल्या गालात हसत होते. मी भविष्य बघतोय असं वाटलं असणार त्यांना.

रंगाचा दुसरा आकडा केल्विनचा. २७०० म्हणजे आपला जुना पिवळा बल्ब, ६५०० म्हणजे घरातली निळसर ट्यूब. फोटो पिवळ्यात छान येतात, पण त्यात सगळंच भाजल्यासारखं सोनेरी दिसतं. मी मधला ४०००चा घेतला. आणि वॉट विचारू नका, ल्युमेन विचारा. पूर्वीच्या ४० वॉटच्या बल्बचा उजेड ४०० ल्युमेनच्या आसपास असायचा. मी साधारण ५०० ल्युमेनचे, चार्जिंगवर चालणारे दोन दिवे घेतले. वायरवाले मुद्दाम नाही घेतले. अंधारात गच्चीवर एक्स्टेंशन बोर्ड, सांडलेलं पाणी आणि पळणारी पोरं हे कॉम्बिनेशन मला नको होतं. दिव्यावर आयपी६५ लिहिलेलं असलं तर धूळ आणि पाण्याचा मारा या दोन्हींची काळजी मिटते. पावसाळ्यातही गच्ची सोडवत नसेल तर ते बघून घ्या.

दोन कशाला? एकच दिवा पाठीमागे असला तर शेगडीवर तुमचीच सावली पडते, आणि समोर असला तर डोळ्यांत जातो. ऑपरेशन थिएटरमधला दिवा आठवा. कितीतरी बाजूंनी उजेड येतो, म्हणून सर्जनच्या हाताची सावली पडत नाही. तसंच एक डावीकडून, एक उजवीकडून, डोक्यापेक्षा थोडं वर आणि झोत खाली. मी कपडे वाळत घालायच्या दोन खांबांना क्लिपनं लावले, शेगडीपासून तीन-तीन फुटांवर. उगाच लांब नेऊ नका. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, पाव होतो.

हेडटॉर्चचा आणखी एक वैताग तेव्हाच कळला. धुकं असलेल्या गडावर टॉर्च लावली की समोर पांढरी भिंत दिसते ना, तेच धुरात होतं. दिवा डोळ्यांच्या जवळ असल्यामुळे धुरावरून उजेड थेट डोळ्यांत परत येतो. बाजूनं आलेला उजेड हा त्रास खूप कमी करतो.

काही दिव्यांना मागे मॅग्नेट असतो आणि शेगडीच्या झाकणाला चिकटवायचा मोह होतो. नका करू. अशा दिव्यांतले साधे निओडिमियम मॅग्नेट ८० डिग्रीच्या पुढे कमजोर व्हायला लागतात आणि झाकण सहज दोनशेच्या पुढे जातं. आतल्या लिथियम बॅटरीला तर उष्णता अजिबात सोसत नाही.

राहिले किडे. डिसेंबरात कमी असतात, पण पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळव्या थेट चिकनवर लँडिंग करतात. किडे दिव्याच्या प्रेमात पडतात असं आपण समजतो. २०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या संशोधनात वेगळंच दिसलं. उडताना पाठ उजेडाच्या बाजूला ठेवायची त्यांची सवय असते. दिवा पेटला की वर कुठलं आणि खाली कुठलं यातच त्यांची गफलत होते, आणि बिचारे घिरट्या घालत बसतात. पिवळ्या बल्बवर किडे कमी येतात हे खरं, पण मग रंगाचं काय? त्यापेक्षा आजीचा उपाय बरा. गच्चीच्या लांबच्या कोपऱ्यात एक निळसर पांढरा बल्ब आणि त्याखाली पाण्याची परात.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट कबूल करायला हवी. नुसत्या रंगावर पैज लावता येत नाही. आपल्याकडे तर काश्मिरी मिरची आणि हळद वरून सगळंच लाल-केशरी करून ठेवतात. उलट व्यवस्थित शिजलेली तंगडीही कधीकधी हाडाजवळ गुलाबी राहते. म्हणून दिव्यांसोबत एक सळईवाला डिजिटल थर्मामीटर घेतला. तुकड्याच्या सगळ्यात जाड भागात खुपसायचा, हाडाला टेकू द्यायचा नाही. चिकनला ७४ डिग्री हवेत. मग दिवा कशाला, असं म्हणाल. सळई मांसात घुसली की हाडावर आपटली, पाणी सुटतंय की तेल, कुठला तुकडा वरून जळतोय आणि आत थंड आहे, हे बघायला काहीतरी हवंच ना!

फेब्रुवारीत पुन्हा गच्ची ठरली. आठवा महिना. दादा म्हणाला, 'हॉटेलातून मागवू.' वहिनी म्हणाल्या, 'मला भाऊजींच्या हातचंच हवंय.' त्यावर तो गप्प बसला, पण संध्याकाळी माझ्याआधी गच्चीवर हजर. मी खांबांना दिवे लावत होतो, तो हाताची घडी घालून बघत होता. पहिली तंगडी उतरवली. त्यानं माझ्या हातातून चिमटा घेतला, तुकडा दिव्याखाली धरला, सुरीनं हाडापर्यंत कापला आणि वाकून नीट बघितलं. मग थर्मामीटर मागितला. ८१.

'अजून एकदा,' तो म्हणाला. दुसऱ्या जागी खुपसला. ७९.

प्लेट वहिनींकडे तो स्वतःच घेऊन गेला. जाताना फक्त एवढंच म्हणाला, 'तो डावीकडचा दिवा जरा खाली घे, डोळ्यात येतोय.'