तापणाऱ्या महासंगणकाला कोमट पाण्याचा उतारा

काला अंब म्हटले की मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ चे पानिपत आठवते. आज तिथे राहणाऱ्यांना मे-जूनमध्ये घोर असतो तो मात्र लूचा. उद्या पारा कुठवर चढणार? दिल्ली ओलांडून पलीकडे, नोएडात मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचे राष्ट्रीय केंद्र आहे. तिथला महासंगणक असली गणिते करतो. पण गंमत पाहा, उन्हाचा अंदाज बांधणारे हे यंत्र स्वतःच भट्टीसारखे तापते!

संगणकाला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. घरच्या संगणकाला पंखा पुरतो. हजारो प्रोसेसर दाटीने बसवले की वारा अपुरा पडतो. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता शोषते. म्हणून पाणी हवे.

२०१८ मध्ये नोएडात 'मिहिर' आला. त्याच्याकडे पाणी होते, पण जरा लांब. कपाटांच्या मधल्या नळ्यांतून ते फिरे. प्रोसेसरची उष्णता आधी हवेत जाई आणि मग ती हवा या नळ्यांवर निवे. सप्टेंबर २०२४ मध्ये 'अरुणिका'चे उद्घाटन झाले. सेकंदाला ८.२४ पेटाफ्लॉप, म्हणजे मिहिरच्या जवळपास तिप्पट वेग! तिचे भावंड 'अर्क' पुण्यात, पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आहे. या दोघांत पाणी थेट प्रोसेसरला टेकलेल्या धातूच्या पट्टीतून वाहते. मधला हवेचा दलाल गेला.

हे पाणी बर्फासारखे गार असेल असे कुणालाही वाटेल. उलट, ते कोमट असले तरी चालते. प्रोसेसर सत्तर अंशांपर्यंत तापला तरी काम करतो, तेव्हा तीस-पस्तीस अंशांचे पाणीही त्याची उष्णता ओढून नेते. फार गार पाणी तर धोक्याचेच. श्रावणातल्या दमट हवेत थंड तांब्याला बाहेरून पाणी सुटते ना? तेच थेंब विजेच्या यंत्रावर पडले तर! शिवाय पाणी कोमट चालले की ते गार करणाऱ्या यंत्रावरची वीज बरीच वाचते. दिल्लीच्या उन्हाळ्यात गावोगावी कूलर घरघरत असताना ही बचत लहान नव्हे.

खेळांसाठी घरच्या संगणकाला पाण्याचे कूलिंग बसवणाऱ्या तरुणांनीही हे ध्यानात घ्यावे. नळाचे पाणी नको, क्षार साचतात. गंज न धरणारे तयार द्रव वापरावे. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच नळीत जोडू नये, अ‍ॅल्युमिनियम झिजते. आणि महागडा पंप घेण्याआधी प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून, रेडिएटरवरची धूळ झाडून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच पारा उतरतो.