ॲक्रिलिकची मत्स्यटाकी : स्टँड, पाणसळ आणि पीळ

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. ॲक्रिलिकची मत्स्यटाकी स्टँडवर कशी बसवायची, आणि ती नीट बसली आहे हे ओळखायचं कसं? पण ज्यांच्या हॉलमध्ये दोन-अडीचशे लिटर पाणी उभं आहे, त्यांना तो किरकोळ वाटणार नाही.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. मी नोएडात चौथ्या मजल्यावर राहतो. १७ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी दिल्ली हादरली, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तीव्रता ४.०, केंद्र धौला कुआँ भागात, जमिनीखाली जेमतेम ५ किलोमीटर. मी उठून आधी हॉलकडे धावलो, कारण टाकीशेजारच्या दिवाणावर आई झोपते. पाणी काठापर्यंत हिंदकळत होतं, पण सांडलं नव्हतं. आई म्हणाली, "मासे बघ आधी." मासे ठीक होते. मी टॉर्च घेऊन टाकीचा तळ पाहिला, तर मागच्या डाव्या कोपऱ्याखाली फट दिसली. व्हिजिटिंग कार्ड आत सहज सरकलं.

ही फट भूकंपानं पाडली नव्हती. कडेला धुळीची जुनी रेघ होती, म्हणजे ती आधीपासूनच तिथं होती. भूकंपामुळे मी फक्त वाकून पाहिलं. आठ महिन्यांपूर्वी टाकी बसवताना मी स्टँडच्या मधोमध पाणसळ, म्हणजे आपली स्पिरिट लेव्हल, आडवी-उभी ठेवली होती. बुडबुडा बरोबर मध्ये होता. मग चुकलं कुठं?

चूक समजायला दोन शब्द वेगळे करावे लागतील : कल आणि पीळ.

कल म्हणजे पूर्ण टाकी एका बाजूला झुकलेली. १२० सेंटीमीटर लांबीच्या टाकीची एक बाजू ६ मिलिमीटरनं खाली असेल, तर त्या टोकाला पाण्याची खोली तेवढीच वाढते. ४५ सेंटीमीटर खोलीवर दाब सव्वा टक्क्याच्या आसपास वाढला. दिसायला वाईट दिसतं, पण एवढ्यानं टाकी फुटत नाही.

पीळ म्हणजे चार कोपरे एका सपाटीत नसणं. तीन टेकलेले, चौथा अधांतरी. मधोमध ठेवलेल्या पाणसळीला हा पीळ दिसतच नाही. माझ्या स्टँडचा एक पाय बाल्कनीच्या दाराजवळ होता. तिथं पाणी बाहेर जावं म्हणून फरशीला उतार देतात. तेवढा एक पाय खाली गेला होता.

आता ॲक्रिलिकच्या स्वभावाकडे येऊ. काच ॲक्रिलिकपेक्षा वीसपटीहून अधिक ताठ असते. काचेच्या टाकीला पीळ पडला तर बहुतेकदा ती लवकर तडकून सांगते. ॲक्रिलिक वाकतं, जुळवून घेतं आणि गप्प राहतं. ताण मात्र सांध्यात साठत जातो. काही महिन्यांनी तिथं केसासारख्या पांढुरक्या रेषा दिसतात. माझ्या टाकीच्या त्याच कोपऱ्यात, सांध्यालगत, तशा रेषा होत्या.

म्हणूनच पहिला नियम : सपाट तळाच्या ॲक्रिलिक टाकीला तळभर आधार हवा. भोवती चौकट असलेल्या काचेच्या टाक्या नुसत्या कडांवर उभ्या राहतात. ते पाहून आपण ॲक्रिलिकलाही चार लोखंडी पट्ट्यांवर ठेवतो. मधला तळ पाण्यानं खाली फुगतो आणि सांधे ओढले जातात. स्टँडवर १८ मिलिमीटरचा अखंड प्लाय हवा. मी कीर्तीनगरहून मरीन प्लाय आणला. त्यावर आयएस ७१० असा शिक्का पाहून घ्या. एमडीएफ किंवा भुसा-बोर्ड नको. पाणी लागलं की ते फुगतं, आणि सपाटी गेली.

दुसरी गोष्ट वजनाची. १२० बाय ४५ बाय ५० सेंटीमीटरची टाकी ४५ सेंटीमीटरपर्यंत भरली, तर पाणी सुमारे २४० किलो. १० मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची रिकामी टाकी २६ किलोच्या आसपास. वाळू, दगड आणि स्टँड धरून साडेतीनशे किलो होतात, तेही अर्ध्या चौरस मीटरवर. आपल्याकडे राहत्या खोलीच्या स्लॅबचा हिशेब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर धरून करतात. तो भार पूर्ण खोलीभर धरलेला असतो, म्हणून लगेच घाबरू नका; पण टाकी तुळईजवळ, भिंतीलगत ठेवा. याहून मोठी टाकी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

आता प्रत्यक्ष कृती.

एक. रिकामा स्टँड जागेवर ठेवा. चारही कडांवर आणि दोन्ही कर्णांवर पाणसळ लावा. सहा मापं, एकही गाळायचं नाही. समोरच्या कडेला बुडबुडा मध्ये आणि मागच्या कडेला सरकलेला असेल, तर तोच पीळ.

दोन. फरक काढायचा तो स्टँड आणि फरशी यांच्यामध्ये. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये कधीच नाही. टाकीखाली पाचर ठोकली की तेवढ्या एका ठिपक्यावर वजन येतं. पाचर कडक प्लास्टिकची किंवा स्टीलची घ्या. पुठ्ठ्याची घडी ओली झाली की लगदा होते.

तीन. प्लायवर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी फिरवा. पट्टीखालून उजेड दिसला तर तिथं खळगा आहे. एक मिलिमीटरहून जास्त असेल तर प्लाय बदला.

चार. प्लाय झाडून ५-६ मिलिमीटरचा फोम अंथरा. योगा मॅटसुद्धा चालते. फोम वाळूचा कण, स्क्रूचं डोकं असल्या बारीकसारीक गोष्टी गिळतो. वाकडा स्टँड तो सरळ करत नाही. टाकी बनवणाऱ्यानं वेगळी सूचना दिली असेल, तर तीच पाळा.

पाच. टाकी ठेवा, पण चिकटवू किंवा आवळू नका. ॲक्रिलिक काचेच्या सात-आठपट प्रसरण पावतं. दिल्लीच्या हिवाळ्यात पाणी १८ अंशांवर आणि मे महिन्यात वीज गेल्यावर ३४ वर गेलं, तर १२० सेंटीमीटरला सव्वा मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. तिला सरकायला जागा हवी.

सहा. एक तृतीयांश पाणी भरा. पाण्यापेक्षा खरी पाणसळ नाही. चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि कार्ड सगळ्या कडांनी फिरवून पाहा. अंतरात दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालेल. कार्ड मात्र कुठंही आत जाता कामा नये. रात्रभर थांबा, पुन्हा मोजा, मगच पुढचं पाणी.

चूक सापडली तर टाकी पूर्ण रिकामी करून दुरुस्त करा. भरलेल्या टाकीखाली पहार घालून ती उचलायला जाऊ नका.

बर्लिनमधलं ॲक्वाडोम तुम्हाला आठवत असेल. १४ मीटर उंचीचं ॲक्रिलिकचं ते नळकांडं १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटलं आणि दहा लाख लिटर पाणी हॉटेलात शिरलं. तज्ज्ञांनी चिकटवलेला सांधा निकामी होणं, दुरुस्तीच्या काळात ॲक्रिलिक कोरडं पडणं आणि तळाच्या भागात पडलेली खाच अशा तीन शक्यता मांडल्या. नक्की कोणती, ते ठरलं नाही. इतक्या मोठ्या, देखरेखीखालच्या टाकीनंही आधी हाक दिली नाही. आपली टाकी लहान आहे, पण तिच्याशेजारी आपली माणसं झोपतात.

माझ्या जुन्या टाकीत मी पुन्हा पाणी भरलं नाही. ती बाल्कनीत आहे आणि आईनं तिच्यात पुदिना लावलाय. नवी टाकी त्या उतारापासून दूर, आतल्या भिंतीला आहे. महिन्यातून एकदा मी कार्ड घेऊन तिच्याभोवती फिरतो. तुम्हीही आज एक जुनं कार्ड काढा आणि चारही बाजूंनी फिरवून बघा. आत गेलं, तर वाट पाहू नका.

भेटू पुढच्या भागात.