हम येतोय, पण कुठून?

सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागांचा खडखडाट कानांना सवयीचा असतो. पण माझ्या पुतण्याने मागच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार ॲम्पला जोडली, तेव्हा त्या खडखडाटातूनही एक सलग ‘घूं’ ऐकू आला. ‘हम येतोय’, तो म्हणाला. दुकानदाराने ॲम्प बदलायला सांगितले. ॲम्पमध्ये काहीच बिघडलेले नव्हते.

हमची पट्टी आधी ओळखावी. आपली घरगुती वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. ५० हर्ट्झचा खोल हम बहुधा केबल, अर्थिंग किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून शिरतो. ॲम्पच्या पॉवर सप्लायमध्ये एसीची डीसी होताना मात्र आवर्तने दुप्पट होतात. तिथले फिल्टर कपॅसिटर जुने झाले की १०० हर्ट्झचा हम येतो. कानाला खूण हवी असेल तर सहाव्या, जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर वाजवा. तो ९८ हर्ट्झचा जी. हम त्याच्या किंचित वर लागला तर १०० चा, एक सप्तक खाली लागला तर ५० चा. कपॅसिटरचे काम जाणकार मेकॅनिककडेच द्या. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये स्विच बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहतात.

आम्ही ॲम्पमधून जॅक काढला. हम थांबला, म्हणजे ॲम्प निर्दोष. जॅक पुन्हा लावून गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला. तरीही शांत, म्हणजे केबलही ठीक. उरला पिकअप. मग पुतण्या गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी हळूहळू फिरला. एका कोनात हम जवळजवळ नाहीसा झाला, भिंतीकडे वळताच पुन्हा भरून आला. भिंतीपलीकडे मागाची मोटार होती. एका कॉइलचा पिकअप तारेच्या कंपनाबरोबर आसपासचे चुंबकीय क्षेत्रही टिपतो. यावरच्या उपायाच्या पेटंटसाठी गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये अर्ज केला. दोन कॉइल अशा जोडायच्या की बाहेरचा हम एकमेकांत कटावा आणि तारेचा सूर मात्र जुळून वाढावा. ‘हमबकर’ हे नाव त्यावरूनच आले. आम्ही पिकअप बदलला नाही. बसायची जागा समोरच्या भिंतीकडे नेली, तेवढ्याने भागले.

रंगमंचावरचा हम वेगळा. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात ॲम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असतो. दोघांचे अर्थिंग विजेच्या वायरमधून जोडलेले असते आणि ऑडिओ केबलच्या जाळीतूनही. त्या वेटोळ्यात फिरणारा प्रवाह स्पीकरमध्ये घुमतो. दोन्ही यंत्रे शक्यतो एकाच बोर्डावर घ्यावीत, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स लावून त्याचे ग्राउंड लिफ्ट बटण दाबावे. त्याने फक्त ऑडिओ केबलची जाळी सुटते, विजेचे अर्थिंग शाबूत राहते.

घाईत मात्र प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडली जाते. हम जातो खरा, पण यंत्रात बिघाड होऊन पत्र्यावर वीज उतरली तर ती वादकाच्या हातातल्या तारांतून वाट काढते. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच गेला.

आपल्याकडे पिन शाबूत असूनही धोका राहतो. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, जमीन कोरडी पडते, आणि कोरड्या मातीत अर्थिंगचा खड्डा प्रवाह नीट जिरवत नाही. म्हणून त्यात मीठ-कोळसा घालतात आणि वर पाणी सोडतात. जुन्या घरांत तर सॉकेटच्या वरच्या भोकामागे कधी कधी वायरच नसते.

सराव सुरू करण्यापूर्वी वायरमनकडून सॉकेट आणि खड्डा दोन्ही तपासून घ्या. घरात जाड पिन तोडलेला एखादा प्लग असेल, तर तो आजच बदला.